जवळ आणि जवळा

कल्पना करा, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि सकाळपासून पोटात फक्त एक टोस्ट आहे. समोर एक मोठी काळी कढई आहे, खाली जाळ भडकतो आहे, आणि एक बाई उलथन्याने चपट्या नूडल्स अशा उडवते आहे की त्या हवेत वळून पुन्हा कढईतच पडतात. शेजारच्या पातेल्यात नारळाच्या दुधाचा लालसर रस्सा रटरटतो आहे. आला वास? थोडा वेळ राहू द्या नाकात.

आता दुसरी कल्पना, ही जरा अवघड आहे. जिने तीन आठवडे तुमचं हसं केलं, ती मुलगी तुमच्याच शेजारी भुकेली बसली आहे. तिच्यापुढच्या वाडग्यात काय आहे ते तुम्हांला माहीत आहे. तिला माहीत नाही. काय कराल?

घाईने उत्तर देऊ नका. आधी तनिषाने काय केलं ते ऐका.

तनिषा लंडनमधल्या क्रॉयडनची, जन्मापासून. दर शनिवारी ती वैजयंतीमावशींच्या मराठीच्या वर्गाला जायची. मराठी तिला आवडायची, पण एका गोष्टीने ती अगदी रडकुंडीला यायची. मोठा मुलगा, मोठी मुलगी, मोठं घर. आता घर 'मोठा' नाही, 'मोठी' नाही, 'मोठं'च, हे कुणी ठरवलं? इंग्रजीत हा प्रश्नच नव्हता. मग तिने आपल्यापुरता एक नियम केला: शंका आली की शेवटी 'आ' लावून टाकायचा. दहापैकी चार वेळा तरी तो बरोबर निघे.

संक्रांतीच्या कार्यक्रमात वर्गाने छोटं नाटक केलं. वाट चुकलेल्या प्रवाशांचं. शेवटचं वाक्य तनिषाचं होतं: "घाबरू नका, आता घर जवळ आहे." घरी तिने ते चाळीस वेळा म्हटलं होतं. पण समोर भरलेलं सभागृह पाहिल्यावर 'जवळ' हा शब्द तिला अर्धवट वाटला, शेपूट तुटल्यासारखा. शंका आली. नियम आठवला.

"घाबरू नका," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आता घर जवळा आहे."

मग पहिल्या रांगेतले रत्नागिरीचे एक काका म्हणाले, "मग दोन भाकऱ्या पण टाका." आणि सगळं सभागृह हसलं.

घरी गेल्यावर आईने फ्रीझरमधून एक डबा काढून तिच्यापुढे धरला. त्यात चिमुकल्या, नखाएवढ्या, वाळवलेल्या गुलाबी कोळंब्या होत्या, प्रत्येकीला टाचणीच्या टोकाएवढे काळे डोळे. हा जवळा, आई म्हणाली, कांदा घालून केला की काय लागतो म्हणून सांगू. वास असा उग्र होता की तनिषाने मान फिरवली. तो वास आणि ते हसणं तिच्या डोक्यात एकत्र बसले ते बसलेच.

मोठी माणसं हसली आणि विसरली. अन्वी विसरली नाही.

अन्वी अकरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली, म्हणून वर्गात सगळ्यांत चांगली मराठी तिची. पुढच्या शनिवारी तनिषा आत आली तेव्हा अन्वीने नाक चिमटीत धरलं आणि विचारलं, काय गं जवळाबाई, सुकलीस का? मग हे नेहमीचंच झालं. ट्राम दिसली की अन्वी म्हणायची, ट्राम जवळा आली. पेन्सिल हवी असली की म्हणायची, जरा जवळा सरक. वीर आणि बाकीची मुलंही तसंच बोलू लागली. मावशी खोलीत आल्या की सगळे गप्प.

मावशींनी एकदा फळ्यावर समजावून सांगितलं की काही शब्द कुणासाठीच बदलत नाहीत. मुलगा जवळ, मुलगी जवळ, घरही जवळच. तनिषाने ते वहीत उतरवून घेतलं. वहीच्या शेवटच्या पानावर मात्र तिची वेगळी यादी होती. अन्वीच्या बुटांत दही. अन्वीची टोपी ट्रामच्या टपावर. अन्वीच्या केसांत च्युइंगगम. एकेक ओळ लिहायची आणि खोडायची, कारण प्रत्येक ओळ तिला लहान वाटायची. सभागृहभर हसं झालं होतं. त्याची परतफेड दह्याने कशी होणार?

हाफ टर्मच्या सुट्टीआधीच्या शनिवारी मावशी वर्गाला जेवायला घेऊन गेल्या. ट्रामच्या थांब्यामागे कपड्यांचं एक मोठं दुकान बंद पडलं होतं. तिथे आता मलेशिया-सिंगापूरकडच्या लोकांचे खाण्याचे ठेले लागायचे आणि मधे लांबलचक टेबलं. मावशींनी दोघादोघांच्या जोड्या केल्या. एका जोडीत एक वाडगा. ठेलेवाल्यांशी इंग्रजीत बोला, पण आपापसांत फक्त मराठी. जो इंग्रजी बोलेल त्याला एक कविता पाठ.

तनिषाच्या जोडीला आली अन्वी.

अन्वीने पाटीवरच्या एका चित्राकडे बोट दाखवलं. नारळाचा रस्सा, तांदळाच्या नूडल्स, फुगीर टोफू, मोड आलेले मूग, वर हिरवी पानं. लाक्सा. "मला हेच हवं. तू माग," ती म्हणाली आणि टेबलाकडे निघूनही गेली.

तिने स्वतः का नाही मागितलं, हे तनिषाला ठाऊक होतं. दोघी एकाच शाळेत होत्या. शाळेत कुणीतरी अन्वीच्या उच्चारांची नक्कल केली होती, आणि तेव्हापासून अन्वी अनोळखी माणसाशी इंग्रजीत तोंड उघडत नसे.

ठेल्यावरच्या आंटी मलेशियातल्या मलाक्काच्या होत्या. त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं आणि तनिषा जागच्या जागी थिजली. नारळाच्या आणि मिरचीच्या वासाखाली तो दुसरा वास होता. फ्रीझरमधल्या डब्याचा. तिने विचारलं, हा वास कशाचा? आंटींनी कौतुकाने तिच्याकडे पाहिलं, एक बरणी पुढे केली. आत नखाएवढ्या गुलाबी कोळंब्या. ह्या वाटल्याशिवाय लाक्सा होतच नाही, त्या म्हणाल्या. नको असतील तर सांग, वेगळ्या कढईत साध्या भाजीच्या नूडल्स परतून देते.

अन्वीने आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं, आणि हे ती दर आठवड्याला एकदा तरी सगळ्यांना ऐकवायची.

"लाक्साच द्या," तनिषा म्हणाली.

वाडगा दोन्ही हातांत धरून चालताना तिचे गाल तापले होते. यादीतली एकही ओळ एवढी मोठी नव्हती.

टेबलावर मुलांनी हात जोडून जेवणाआधीचा श्लोक म्हटला. अन्वीने सगळ्यांत आधी संपवला आणि वाडगा स्वतःकडे ओढला. मग तिने थांबून विचारलं, "हे शाकाहारी आहे ना?"

'नाही' म्हटलं असतं तरी पुरे होतं. तो शब्द तनिषाला चांगला येत होता. पण चालताना तिने वेगळंच वाक्य तयार केलं होतं. खरं वाक्य, शुद्ध मराठी वाक्य. उद्या कुणी विचारलं असतं तर छातीठोकपणे सांगता आलं असतं, मी तर आधीच सांगितलं होतं.

"यात जवळा आहे," ती शांतपणे म्हणाली.

अन्वी हसायला लागली. तनिषाला माहीतच होतं ती हसणार. तीन आठवडे तो शब्द ट्रामला, पेन्सिलीला, दाराला लावून लावून अन्वीने त्यातला अर्थच घालवून टाकला होता.

"टेबल पण जवळा आहे, चमचा पण जवळा आहे," अन्वी वीरकडे पाहत म्हणाली. "जवळाबाई, आता तरी शीक गं." वीर फिदीफिदी हसला. अन्वीने चॉपस्टिक्सनी नूडल्सचा झुपका उचलला आणि त्यावर फुंकर घातली. एकदा. दोनदा.

तनिषाने काहीच करायची गरज नव्हती. फक्त गप्प बसायचं होतं. अन्वीने तोंड उघडलं.

आणि तनिषाच्या लक्षात आलं की अन्वीला कळणारच नाही. ती खाईल, छान लागलं म्हणेल, तोंड पुसेल आणि परत जवळाबाई म्हणेल. शिवाय तिने विचारलं होतं. आणि तेही वीरला नाही, मावशींना नाही, तनिषाला. तनिषाचं उत्तर खरंच असणार असं ती धरून चालली होती.

तनिषाने तिचं मनगट धरलं. नूडल्स परत रश्श्यात पडल्या. तिने चमचा तळाशी घातला, ढवळला, वर काढला आणि न वाटली गेलेली एक छोटीशी गुलाबी कोळंबी अन्वीपुढच्या कागदी नॅपकिनवर ठेवली. काळे डोळे वर.

"याला जवळा म्हणतात," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं. तू हसलीस."

अन्वीचा चेहरा पांढराफटक पडला. वीर हसायचा थांबला. अन्वी त्या दोन काळ्या ठिपक्यांकडे पाहत राहिली. मग तिने वाडगा दूर सारला आणि अगदी हळू विचारलं, माझ्यासाठी दुसरं काही मागून आणशील का?

तनिषाने वाडगा स्वतःकडे ओढला. रस्सा गरम होता, आंबट, तिखट, आणि जवळा खरोखर फार चांगला लागत होता. आई म्हणाली होती तसाच. ती सावकाश खात राहिली. एकेक नूडल. अन्वी बघत राहिली, पोट आवळून.

"ठेला जवळ आहे," शेवटी तनिषा म्हणाली. 'जवळ' वर ती जरा थांबली. "जा, तू माग."

अन्वी उठली. ठेल्यापुढे जाऊन उभी राहिली. आंटींनी काहीतरी विचारलं, अन्वीचे ओठ हलले, पण शब्द बाहेर येईना. मागच्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं. अन्वीने वळून टेबलाकडे पाहिलं.

तनिषाने वाडगा तोंडाला लावून शेवटचा घोट संपवला. ओठ पुसले. मग ती उठली, ठेल्यापर्यंत गेली आणि अन्वीच्या शेजारी खांद्याला खांदा लावून उभी राहिली. बोलली मात्र नाही. अन्वी स्वतः बोलेपर्यंत ती तशीच उभी राहिली.