महीची वाळू

मित्रांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही नदीच्या कोरड्या पात्रात उभे आहात, आणि पायाखालची वाळू हळूच तुमचे घोटे धरते आहे, अशी कल्पना करा. लागला ना गारवा? आता माझी गोष्ट ऐका.

मी एक जुनी मोटार आहे. दिसायला जीपसारखी उंच, पण जोर फक्त पुढच्या दोन चाकांत. शहरातल्या रस्त्यांसाठीच माझी घडण झाली. बडोद्याच्या संजीवरावांनी मला घरी आणले, तेव्हा त्यांच्या आईंनी, म्हणजे वत्सलाआजींनी, माझ्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले. शेजारी कौतुकाने आत डोकावत. पुढे संजीवरावांना कोयलीच्या कारखान्यात रोज पोचवण्याची नोकरी सुरू झाली, वाटेतल्या बाजवा गावाची धूळ अंगावर बसली आणि कौतुक ओसरले. मला धुण्याचे काम पावसावर सोपवले गेले.

आजी दरवर्षी हरतालिकेला वाळूचे शिवलिंग करतात. नदीतून आणलेली वाळू पूजेनंतर नदीलाच परत द्यायची, असा रिवाज आहे. गेल्या वर्षी संजीवरावांनी ती पिशवी माझ्या डिकीत ठेवली आणि "उद्या जातो" म्हणाले. तो उद्या उजाडलाच नाही.

वैशाखात माझे छप्पर तव्यासारखे तापले, तरी ती पिशवी ओलीच राहिली. मी वळण घेतले की डिकीतून काठाला पाणी लागल्यासारखा आवाज येई.

यंदा हरतालिकेच्या आदल्या दिवशी आम्ही नव्या वाळूसाठी सावली गावाच्या पुढे मही नदीच्या काठी गेलो. आजींचे गुडघे दुखतात, म्हणून संजीवरावांनी मला थेट वाळूतच उतरवले. आजी नको म्हणत होत्या.

"चालशे, आई, चालेल. एवढी उंच गाडी घेतली ती कशासाठी?"

थोडे अंतर गेले आणि माझी पुढची चाके रुतली. संजीवरावांनी जोरात ॲक्सिलरेटर दाबला. मित्रांनो, वाळूत हीच चूक होते. चाक जितके गरगर फिरते, तितका खोल ते स्वतःचाच खड्डा खणते. मी पोटापर्यंत खाली गेले. खाली कोणीतरी ओढते आहे, असे मला वाटले.

तेवढ्यात दुरून भोंगा वाजला. वरच्या धरणातून पाणी सोडले होते. पात्रातले बगळे उडून गेले आणि सगळे शांत झाले. समोरची वाळू आवाज न करता काळी पडू लागली. मऊ वाळूत आजींना चालवेना, आणि त्यांना उचलून नेताना संजीवरावांचे पायही गुडघ्यापर्यंत रुतले. ते परत आत येऊन बसले.

"मागच्या वर्षीची वाळू पोचवलीस ना रे?" आजींनी विचारले.

संजीवरावांनी मान वळवून मागे डिकीकडे पाहिले.

तेव्हा माझ्या समोरच्या काचेखाली चाकातली हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागला. सकाळीच तर हवा भरली होती. मित्रांनो, खरे सांगते, तो दिवा मी लावला नव्हता.

मागच्या सीटवर बसलेली नऊ वर्षांची आभा, संजीवरावांची मुलगी, त्या दिव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, उंट वाळूत रुतत नाही. त्याचा पाय पसरतो. चाकातली हवा काढू या?"

ती हलकी, म्हणून रुतली नाही; खाली उतरून तिने किल्लीच्या टोकाने चारही चाकांतली बरीचशी हवा सोडली. संजीवरावांनी हातांनी वाळू उकरून पायपुसणी चाकांपुढे अंथरली. माझी चाके पसरट झाली. या खेपेला त्यांनी मला अगदी हळू, चुचकारत चालवले. मी वर आले, लांबून वळसा घेतला आणि कडक काठावर जाऊन थांबले. मागे पाणी माझ्या खड्ड्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या वस्तूला तिच्या ताकदीपलीकडे राबवू नका. आणि जे परत द्यायचे, ते उद्यावर टाकू नका.

आता घरी चला, असे आजी म्हणत होत्या. आभाने डिकी उघडली. ती ओली पिशवी दोन्ही हातांनी उचलून पाण्याच्या कडेशी नेली आणि रिकामी केली. वाळू पाण्यात पडली, पण तरंग उठला नाही. मग तिने पिशवी उलटी करून झटकली आणि नवी वाळू घ्यायला वाकली. वाकता वाकता थांबली.

"घेऊ का?" तिने नदीला विचारले.

आणि हात मागे घेऊन ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली.