बेबीताईंचा फुकटचा हार

लतिकाने सिव्हिल लाइन्समधल्या वडिलांच्या गॅरेजात आर्ट गॅलरी उघडली, तेव्हा लोक येऊन विचारायचे, "पासपोर्ट फोटो निघतात का?" चित्रं बघायला नेमाने येणारा माणूस एकच, तोफांच्या कारखान्यातले ड्राफ्ट्समन भय्यासाहेब. प्रत्येक चित्रापुढे ते पाच-पाच मिनिटं उभे राहत, अभिप्रायाच्या वहीत सही करत आणि शेरा न लिहिताच निघून जात. त्या एका सहीच्या आधारावर लतिकाने पहिली तीन वर्षं काढली. पुढे गॅलरीचं नाव झालं, दिल्लीचे लोकही येऊ लागले. भय्यासाहेबांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.

ते स्वतः चित्रं काढतात हे तिला कळलं बावीस वर्षांनी. तोवर त्यांनी ऐंशी गाठली होती. प्रदर्शनासाठी त्यांना राजी करता करता तिच्या नाकी नऊ आले, कारण म्हातारा भलताच तिरसट. पत्रिकेत नाव चुकलं म्हणून सत्काराची शाल परत पाठवणारा!

उद्घाटनाच्या दिवशी चित्रं लावायला गढा मोहल्ल्यातून फ्रेमवाल्या बेबीताई आल्या. देवांच्या आणि दिवंगतांच्या तसबिरी मढवण्यात त्यांचा जन्म गेलेला. लतिका पाहुण्यांना घ्यायला दारापर्यंत गेली आणि परत येऊन बघते तर काय, भय्यासाहेबांनी आरशात बघून काढलेल्या स्वतःच्या चित्राला चंदनाचा हार!

"बेबीताई, हे काहून केलं?"

"म्हाताऱ्या माणसाची फ्रेम असली की हार आपल्याकडून फ्री राहते, दीदी. गेले ना ते?"

'गेलेले' नेमके मागेच उभे होते. आता म्हातारा सगळी चित्रं उतरवून घरी नेणार, हे लतिकाने धरूनच टाकलं.

"माफ करा, भय्यासाहेब, काढते मी. आज तुमचे आभार मानायचे होते, अन् हे असं होऊन बसलं. तुम्ही येत नसते, तर मी कधीचंच कुलूप लावलं असतं." बोलता बोलता तिला रडूच आलं.

भय्यासाहेबांनी चष्मा पुसला आणि हार नीट निरखला. मग तो काढून स्वतःच्या गळ्यात घातला.

"चलो, पाहून तर घेतला! नंतर घातला असता, तर मला दिसला असता काय?"

बेबीताईंनी जीभ चावली. म्हातारा मात्र संध्याकाळभर तो हार मिरवत पाहुण्यांत हिंडला.

सगळे गेल्यावर लतिकाने वही उघडली. नेहमीची सही होती, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्याखाली शेरा होता : "हार वेळेवर मिळाला. आभारी आहे."