प्रार्थनेनंतर उचलायची बाज

मी बाज बोलतेय. आलापल्लीपासून बरंच आत, जंगलातल्या एका लहानशा गावच्या प्रार्थनाघरात मी राहते. माझ्यावर निवांत असं कधी कुणी झोपलंच नाही.

मला घडवलं नूर मोहम्मद मिस्त्रींनी. सागाचे पाय आणि अंबाडीच्या दोरीची वीण. आमच्या मंडळीचे धर्मगुरू, वारलू पाळक, त्यांना म्हणाले होते की पाय बारीक ठेवा, हिला माणसासकट खांद्यावर घेऊन चालायचं आहे. गावापर्यंत गाडी येत नाही. मध्ये नाला आहे आणि त्याच्या पलीकडं डांबरी रस्ता.

कुणी आजारी पडलं की त्याला आधी प्रार्थनाघरात आणून माझ्यावर निजवत. पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत, पण ती लांबवत नसत. ‘आमेन’ झालं की चौघं मला खांद्यावर घेत आणि दवाखान्याच्या वाटेला लागत. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की बाहेर उभी असलेली माणसं आमेन ऐकूनच चपला घालायला लागत.

केसरबाईचा रोशन असाच माझ्यावरून गेला होता. तेव्हा तो लहान होता. थंडीताप डोक्यात चढून बेशुद्ध पडला होता. एका कोपऱ्याला स्वतः वारलू पाळक होते. केसरबाई ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत नाल्याच्या पाण्यातून माझ्या बाजूनं चालली. दवाखान्यात सलाईन लागलं आणि पोरानं डोळे उघडले. परत आल्यावर तो माझ्यावर बसून बिस्किटं खात होता. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

पुढं पाळकांनीच त्याला शिकवलं आणि बाहेर शिकायलाही पाठवलं. तो आला तो काळा कोट आणि माइक घेऊन. पाळक थकले होते. त्यांनी आनंदानं उपदेशाची जागा त्याला दिली.

पहिल्याच रविवारी रोशननं मला पुढं ओढून आणलं आणि साक्ष दिली. म्हणाला, याच बाजेवर मी मेलो होतो. डॉक्टर नव्हता, सुई नव्हती, फक्त विश्वास होता आणि मी उठलो.

मी थक्क झाले. परका कुणी खोटं बोलला असता तर मी हसून सोडलं असतं. हा तर माझ्या दोऱ्यांवर निजून गेलेला पोरगा. मी केसरबाईकडं पाहिलं. तिनं पदर पुढं ओढून मान खाली घातली. लोक आता तिला पाळकाची आई म्हणून बसायला जागा देत होते. वारलू पाळकांनी रोशनला बाजूला घेऊन समजावलं म्हणे, पण चारचौघांत एक शब्द काढला नाही. आपणच वाढवलेलं पोर, निवळेल हळूहळू, असं त्यांना वाटलं. त्या दोघांचं गप्प राहणं मला रोशनच्या खोट्यापेक्षा जास्त लागलं.

मग मला प्लास्टिकच्या फुलांच्या माळा आल्या. ‘चमत्काराची बाज’ म्हणून लोक हात लावून पाया पडू लागले. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं रोशन शिकवू लागला. गावातल्या बुधूनं रक्तदाबाच्या गोळ्या नाल्यात फेकल्या. सभेत आमेनवर आमेन व्हायचे आणि मी जमिनीवरच.

गेल्या पावसाळ्यात सुकलूनं आपल्या रिनाला आणलं. तोच ताप होता. पोरीचं अंग माझ्या दोऱ्यांना चटके देत होतं. रोशन माइकवर ओरडत होता, लोक टाळ्या वाजवत होते आणि तिचे दात एकमेकांवर आपटत होते ते फक्त मला कळत होतं. सुकलूनं भीत भीत विचारलं, “रोशनभाऊ, दवाखान्यात नेऊ का इले?”

रोशन म्हणाला, “नेशीन तर आपला विश्वास इथीच ठेवून जाशीन.” बायबलातल्या त्या पांगळ्याला येशूनं स्वतः बाज उचलून चालायला सांगितलं होतं, हेही त्यानं ऐकवलं.

सुकलू खाली बसला. तेव्हा केसरबाई उठली. तिनं माझ्या माळा एकेक करून काढल्या आणि रोशनकडं न पाहता म्हणाली, “याले मी याच बाजेवर दवाखान्यात नेलं होतं. सुई लागली तवा डोळे उघडले यानं. देवानंच वाचवलं, पन डॉक्टरच्या हातानं. मी गप्प राह्यली.”

मागून वारलू पाळक काठी टेकत पुढं आले. “आन त्या पांगळ्याले येशूपाशी कोनं आनलं होतं? चौघायनं. त्यायचा विश्वास पाह्यला येशूनं.” त्यांनी रिनाच्या डोक्यावर हात ठेवला, दोन शब्द बोलले आणि आमेन म्हटलं.

सुकलू आला, बुधू आला. पाळकांनी काठी टाकून तिसरा कोपरा धरला. चौथ्याला कुणी येईना, म्हणून केसरबाईनंच खांदा दिला. नाल्याला कमरेइतकं पाणी होतं. रिना वाचली.

इथंच गोष्ट संपली असती तर मी तुमच्याशी बोललेच नसते. रोशन अर्धी मंडळी घेऊन गेला. रस्त्याकडच्या गावात त्याचा मांडव पडतो. तिथं तो सांगतो की रिना त्याच्या प्रार्थनेनं बाजेवरून उठली. आणि आज सुकलू मला न्यायला आला. उद्या मोठी सभा आहे, रिनाची साक्ष आहे, बाज दाखवायची आहे. ज्यानं मला खांद्यावर घेतलं, तोच! त्याला जे वाटतं ते मलाही कळतं. आपलं पोर जगलं, तर जिथं देवाचं नाव मोठ्यानं घेतात तिथं जावंसं वाटतं. तरी मला रडू आलं.

केसरबाई येऊन माझ्यावर बसली ती उठेचना.

सुकलूनं माझा एक पाय धरला आणि सोडला. मग म्हणाला, “पोरीची साक्ष पाठ झाली बाई. आता तिले काय सांगू?”

“तुह्या खांद्यावर गेली, हे सांग.”

तो मला तिथंच ठेवून निघून गेला. घरी जाऊन काय सांगेल, मला ठाऊक नाही.

रिना, पोरी, उद्या तुझ्या हातात माइक येईल. माझं नाव नाही घेतलंस तरी चालेल. नाल्यातून निघाल्यावर तुझ्या बापाचा खांदा सोलून निघाला होता, तेवढं सांग.