माझ्या पोटातला ढोल्या

मित्रांनो, मी एक जुनी गेमची कॅसेट आहे. तळहातावर मावेन एवढीच. रंग राखाडी, पाठीवरचं चित्र निम्मं खरवडलेलं, आणि उजव्या कोपऱ्यावर एक तपकिरी डाग. तो माणसाच्या रक्ताचा आहे. त्या डागाचीच ही गोष्ट, पण ती समजायला तुम्हाला आधी माझ्या पोटात काय आहे ते सांगायला हवं.

माझा जन्म काही मायेनं झाला नाही. वितळलेलं प्लास्टिक पोलादी साच्यात दाबलं, आतल्या पट्टीला तापल्या कथलाचे चटके दिले आणि स्क्रू पिळून तोंड बंद केलं. आत एक मोठं रान भरलेलं होतं, आणि रानात जनावरंच जनावरं. शिंगांची, सुळ्यांची, आग ओकणारी. ती पकडायची, पाळायची आणि एकमेकांवर सोडायची, हा माझा खेळ. कुणी कुणाच्या नरडीला धरतं, कुणी शेपटीच्या एका फटक्यात समोरच्याच्या बरगड्या मोडतं. सवलत एकच. माझ्यात कुणी मरत नाही. हरलेलं जनावर आडवं होतं. त्याला दवाखान्यात नेलं की घंटी वाजते आणि ते उठून उभं राहतं.

माझ्यात नाण्याएवढा एक सेलही आहे. खेळणारा कुठवर आला, त्याच्याकडे कोणती जनावरं आहेत, हे सगळं तो सेल धरून ठेवतो. तो क्षणभर जरी निघाला, तरी सगळं पुसलं जातं. खेळ राहतो, खेळलेलं जातं.

मला एका खाटकानं आपल्या मुलीसाठी आणलं. खाली दुकान आणि वर घर, असा त्यांचा संसार होता. दिवसभर खाली ठोकळ्यावर सत्तूर आपटायचा आणि हाड फुटल्याचा आवाज वरच्या फरशीतून यायचा. दुकान धुऊन झालं की खाटीक वर येऊन कोपरापर्यंत हात घासायचा, आणि मुलगी त्याच्या हातात मला बसवलेलं खेळायचं यंत्र द्यायची. तिला घरात ठकी म्हणत. बापाचं बोट इतकं जाड की एका दाबात दोन बटणं दाबली जायची. तरी तो नादावला. सुरुवातीला एक जनावर निवडावं लागतं, ते त्यानं एकशिंगी आणि लठ्ठ निवडलं आणि त्याचं नाव ठेवलं ढोल्या. मग काय, ठकीसाठी आणलेली मी ठकीलाच मिळेनाशी झाले, तिच्या धाकट्या भावाला तर नाहीच.

ढोल्या लढायचा तेव्हा खाटीक स्वतःच खांदे आवळून बसायचा. एकदा आगीच्या पक्ष्यानं ढोल्याचे डोळे भाजून काढले. आंधळा झालेला ढोल्या तीन वेळा हवेवरच धडकला, आणि चौथ्या धडकेत त्याचं शिंग पक्ष्याच्या छातीत बुडालं. खाटकाच्या कपाळावर घाम आला होता. ठकीनं विचारलं, दिवसभर खाली कापाकापी करून वर पुन्हा हेच कशाला?

"इथं पडलेलं उठतं, ठके," तो म्हणाला. "खाली माझ्याकडे तसं नसतं."

पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण बाजारात आली. तिला सुधारित आवृत्ती म्हणत. तेच रान, तीच जनावरं, वर एक नवं बेट, चार नवे डाव आणि चकचकीत सोनेरी कवच. माझ्यातली जनावरं आपोआप तिच्यात जात नाहीत. सगळं पहिल्यापासून खेळायचं. ठकीनं हट्ट धरला. खाटीक म्हणाला, तोच बोकड मान कापून पुन्हा विकायला टांगलाय. पण आणली त्यानं, आणि दुसरं यंत्रही आणलं. दोन यंत्रं वायरीनं जोडली की एकीतलं जनावर दुसरीत पाठवता येतं, मात्र बदल्यात एक घ्यावं लागतं. किंवा त्याच वायरीवरून दोघांची झुंज लावता येते.

ठकी नव्या खेळात पहिल्याच आखाड्यात सारखी आपटी खात होती. खाटकानं तिला वायरीवरून एक जनावर पाठवलं. काटेरी पाठीचं, बुटकं. नाव चिवट्या. जनावर कुणाहीकडे गेलं तरी त्याच्या माहितीच्या पानावर पहिल्या मालकाचं नाव कायम राहतं. चिवट्याच्या पानावर लिहिलेलं होतं, मालक : बाबा.

"बाबा, मला उसनं जनावर नको," ठकी म्हणाली. तिनं चिवट्याला खेळातल्या साठवणीच्या पेटीत टाकलं आणि परत कधी बाहेर काढलं नाही. स्वतःची जनावरं वाढवली आणि मग वायरीवरून बापाला तुडवायला लागली. नवे डाव तिच्याकडे होते, माझ्याकडे नव्हते. ढोल्या रोज मार खायचा आणि रोज उठायचा. खाटीक हसायचा. त्यानं माझ्यावरून बहिणीवर उडी मात्र कधी मारली नाही.

मित्रांनो, नव्याचे नऊ दिवस माझेही संपले. ठकी मोठी झाली, नोकरीला दुसऱ्या शहरात गेली, सोनेरी बहीण तिच्याबरोबर गेली. एकदा ती नवं यंत्र घेऊन आली. आता सुधारित आवृत्त्या निघत नाहीत म्हणाली, पुरवण्या येतात. खेळ तोच राहतो, आपली जनावरंही तीच राहतात. नवं बेट वरून उतरतं आणि जुन्याला जोडलं जातं.

"म्हणजे घर न पाडता वर माळा चढवला," खाटीक म्हणाला. त्याला ते आवडलं. मग त्यानं विचारलं, "आणि हे सगळं ठेवलंय कुठं?"

"कंपनीकडे. यंत्र मोडलं तरी परत उतरवून घेता येतं."

"म्हणजे जनावर आपलं आणि दावण दुसऱ्याची," तो म्हणाला, आणि ढोल्याला चरायला काढावं तसा मला हातात घेऊन बसला.

तो गेला तो दुकानातच. छातीत कळ आली, हातातला सत्तूर सुटला आणि पायाच्या घोट्यात रुतला. रक्ताची धार लागली. गिऱ्हाइकं धावली, कुणी फडकं बांधलं, कुणी पाय उचलून धरला. सगळे पाय वाचवत बसले. छातीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

ठकीच्या धाकट्या भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बापाचं घर आवरायला तोच होता. ठकी येऊन, मला चालू करून, ढोल्याला पाहून परत गेली होती. एवढ्या वर्षांत माझा सेल एकदाही बदललेला नव्हता. ती फोनवर भावाला म्हणाली, की सेल जायला आलाय, रविवारी येतेय, तोवर जपून ठेव. सोनेरी बहिणीला आणून ढोल्याला वायरीवरून तिच्यात उतरवायचं आणि मगच माझा सेल बदलायचा, हे तिच्या मनात होतं. मनातलं तिनं बोलून दाखवलं नाही.

भावाला वाटलं, ताईनं पहिल्यांदाच आपल्या कामाचं काही सांगितलंय. ती यायच्या आत तो सेल बदलायला बसला. माझे स्क्रू काढले, पोट उघडलं. तापलेली सुई माझ्या आतड्यांना टेकली. जुना सेल निघाला.

मित्रांनो, शेकडो मारामाऱ्या झाल्या माझ्या पोटात, पण ती शांतता मी कधी ऐकली नव्हती. ढोल्या ओरडलासुद्धा नाही.

रविवारी ठकी आली. भावानं मला यंत्रात घालूनच तिच्या हातात दिलं. नवा सेल टाकलाय, आता वर्षानुवर्षं बघायला नको, असं तो सांगत होता. पडद्यावर फक्त 'नवा खेळ' एवढंच आलं. तिनं यंत्र बंद केलं, चालू केलं. पुन्हा तेच.

"सेल कुणी काढायला सांगितला?"

"अगं, फोनची बॅटरी बदलली म्हणून कुणाचे फोटो जातात का? आणि गेलंच असेल तर उतरवून घेऊ परत."

"कुठून उतरवणार? कुठून?"

तिनं मला उपसून काढलं आणि फेकलं. माझा कोपरा भावाच्या भुवईवर बसला, कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. ती तेवढ्यावर थांबली नाही. त्याच्या अंगावर गेली, दोन्ही मुठींनी छातीवर मारत सुटली. खुर्ची आडवी झाली, त्याच्या अवजारांचा डबा फरशीवर सांडला. त्यानं आधी नुसतं अंग चोरलं, मग तिचे केस धरले आणि तिला भिंतीशी दाबून ठेवलं. दोघंही एकमेकांचं हाड मोडायच्या बेतात होती. वर इतका दणदणाट त्या घरात कधी झाला नव्हता. जे काय व्हायचं ते खाली व्हायचं.

"मारून टाकलंस तू बाबांना," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं गं," भाऊ म्हणाला. "मला कुणी खेळायलाच घेतलं नाही कधी."

त्यानं केस सोडले. तिचे हात खाली आले. कपाटाखालून मला तिनंच शोधून काढलं; आधी त्याच्या भुवईवर फडकं दाबलं, मग मला पुसलं. माझा कोपरा नीट पुसला गेला नाही.

नंतर बराच वेळ ती सोनेरी बहिणीची पेटी चाळत बसली, आणि एका जागी थांबली. काटेरी पाठीचं, बुटकं, एकदाही न लढलेलं. मालक : बाबा. बापाचं नाव आता तेवढ्या एकाच जागी उरलं होतं, आणि बहिणीचा सेलही जवळजवळ माझ्याच वयाचा. नव्या सेलाचं घर एकच होतं. मी.

तिनं मला यंत्रात घालून ते भावापुढे सरकवलं. "खेळ. एक जनावर पकड, वायर जोडता येईल इथवर ये."

भाऊ खेळला. पापणी सुजलेली, एका डोळ्यानं. पहिल्याच झुडपात त्याला एका उंदरानं लोळवलं. ठकी शेजारी बसून त्याच्या चुका काढत होती, अगदी बापाच्या काढायची तशा. शेवटी त्यानं तोच उंदीर पकडला आणि वायर जोडली. उंदीर सोनेरी बहिणीत गेला आणि चिवट्या माझ्यात आला. इतक्या वर्षांनी घरी.

"हा लढतो कसा?" भावानं विचारलं.

"माहीत नाही. मी कधी लढवलाच नाही."

त्यानं लढवला. समोर सुळेवाला होता. त्यानं चिवट्याला उचलून आपटलं, पोट फाडलं. चिवट्या आडवा झाला. भावानं घाबरून ठकीकडे पाहिलं.

"दवाखान्यात ने," ती म्हणाली. "इथं पडलेलं उठतं."

घंटी वाजली.

मित्रांनो, आता मी त्या मोबाइलच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या खणात असते. सुधारित आवृत्ती घ्या नाहीतर पुरवणी उतरवा, त्यात काही वाईट नाही. पण कुणाचंही जुनं पोट उघडण्याआधी एवढं विचारा, की आत कोण राहतं. आणि तुमच्या आत कुणी राहत असेल, तर ते वेळेवर सांगा. भावाच्या भुवईत आता केस उगवत नाहीत. ठकी आली की आधी तिथं पाहते, मग खेळायला वायर काढते.