बसलेल्यांना कुणी विचारलं नाही

बाबांच्या सभेला हॉल गच्च भरायचा आणि बाबांच्या आधी टायरवाला बोलायचा. चाकं उचलून त्याची कंबर धरली होती. बाबांनी पाठीवरून हात फिरवला आणि आठवड्याभरात ती सुटली.

"डॉक्टर पाठ बघतात, आम्ही प्रारब्ध बघतो," बाबा डोळे मिटून म्हणायचे. "गोळीला मुदत असते, कृपेला नसते."

टायरवाल्याचं ऐकून कितीतरी जण रांगेला लागले. त्यात त्याची थोरली बहीणही होती. तिला काचबिंदू. डॉक्टरांना विचारते, असं ती म्हणाली, पण टायरवाल्याने विचारू दिलं नाही; बाबांच्या शब्दावर तिने डोळ्यांत थेंब घालणं सोडलं. वर्षाच्या आत एका डोळ्याची नजर गेली.

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले. टायरवाल्याने ताईलाही तेच सांगितलं.

पुढे एकदा मुलीने त्याला ओढून वाचनालयात नेलं. गणिताचं जाहीर व्याख्यान होतं. "मला पाढे येतात तेवढे पुरेत," असं पुटपुटत तो मागे बसला.

व्याख्यानाला आलेल्या प्राध्यापिकाबाईंनी सगळ्यांना उभं केलं. "नाणं उडवा. काटा पडला की बसा, छापा पडला तर पुन्हा उडवा."

दर फेरीला साधारण निम्मे लोक बसत गेले. शेवटी एकटा टायरवाला उरला. टाळ्या पडल्या.

"काका, काय साधना केलीत?"

"कसली साधना? नाणं उडवलं."

"बस, एवढंच. इतकी माणसं असली की शेवटपर्यंत कुणीतरी टिकतंच. आता मी फक्त तुम्हाला मंचावर बोलावलं आणि बसलेल्यांना विचारलंच नाही, की झाला चमत्कार. दुखण्यांचंही तसंच. बरीचशी आपली आपणच बरी होतात."

लोक हसले. टायरवाल्याने नाणं खिशात टाकलं. बाबांच्या मंचावर उभा राहणारा तोच होता.

तो तडक ताईकडे गेला. ती बोटाने कपाचा काठ चाचपत चहा ओतत होती.

"ताई, तुझी श्रद्धा कमी नव्हती पडली. माझी कंबर आपसूकच सुटली असणार. तुला मी खड्ड्यात घातलं."

ताईने किटली खाली ठेवली. "दुसऱ्या डोळ्याने अजून दिसतंय. उद्या दवाखान्यात नेशील?"

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्यानेही विचारलं नाही.

पुढच्या सभेला तो ताईचा हात धरून गेला. नेहमीसारखं त्याचं नाव पुकारलं गेलं.

"माझी कंबर बरी झाली, ते खरं," तो म्हणाला. "आता ज्यांना गुण आला नाही, त्यांनी हात वर करा."

ताईने हात वर केला. तिच्या मागच्या बाईने केला. मग भिंतीकडच्या म्हाताऱ्याने. बघता बघता हॉलभर हात दिसू लागले. बाबांचे डोळे आता उघडे होते.

"बरे झालेले मोजता, तसे न झालेलेही मोजा," टायरवाला म्हणाला. "आणि औषध बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मी बहिणीला विचारू दिलं नाही."