तिसरा बहर

"वास जरा कमी झालाय, रंगही पार उडालाय," जावई म्हणाला, "पण वाढलंय कसं ते बघा. माझ्या डोक्याच्या वर गेलंय."

पट्टीवाले फाटकातच थांबले. रोप खरोखरच डोक्याच्या वर गेलं होतं. लांबसडक हिरव्यागार फांद्या भिंतीवरून पलीकडे झुकल्या होत्या आणि त्यांच्यावर बारीक पांढऱ्या फुलांचे घोस लागले होते. ज्या माणसाने चाळीस वर्षं रोपवाटिकेत गुलाबाची कलमं केली, त्याला जवळ जाऊन बघायची गरज नव्हती. तरी ते गेले. एक पान हातात घेऊन मोजलं. एका देठावर सात पानं. दुसरं घेतलं, त्यावरही सात. तिसरं घेतलं तेव्हा जावयाने विचारलं, "काय मोजताय, बाबा?"

"काही नाही. सवय."

सवय ही होतीच. पट्टीवाले हे नाव त्यांना त्यापायीच पडलं होतं. रोपवाटिकेत प्रत्येक रोपाला पत्र्याची एक पट्टी बांधायची पद्धत, आणि पट्टीवर खिळ्याने नाव कोरायचं काम यांचं. बाकीचे कारागीर लाल दिसेल त्या रोपाला हाताला येईल ती पट्टी बांधायला कमी करत नसत. गिऱ्हाईक कुठे घरी जाऊन पडताळून बघतंय? यांना ते खपायचं नाही. एक फूल बघून नाव सांगणारा माणूस थापाड्या असतो, असं ते तोंडावर सांगायचे. तीन बहर बघायचे. पहिल्यात पान आणि काटा, दुसऱ्यात फूल आणि वास, तिसऱ्यात फूल सुकतं कसं ते. तोवर पट्टी कोरी. आणि कोऱ्या पट्टीचं रोप एकच ठेवायचं, नाव पक्कं झाल्याशिवाय त्याचं दुसरं करायचं नाही. मालक चिडायचा, कारागीर हसायचे. पण चाळीस वर्षांत यांची एक पट्टी चुकली नाही, हेही तेच लोक चारचौघांत सांगायचे.

भिंतीशी वाढलेलं हे रोप त्यांच्या मुलीने आणलं होतं. ती पोस्टात काउंटरवर होती. आवाज असा, की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही आपल्या पाकिटावर किती तिकिटं लागणार ते कळायचं. पोस्टाच्या मागच्या भिंतीला, सायकली लावायच्या जागेत, एक जुनाट गुलाब होता. गडद गुलाबी, मान खाली घातलेला, आणि वास असा की पार्सलं निवडणारी माणसं हातातलं काम टाकून खिडकीशी यायची. भिंत पाडायची ठरली तेव्हा तिने एक काडी ओल्या कागदात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात घालून बापाकडे आणली.

"नाव सांगा," ती म्हणाली.

"तीन बहर."

"बाबा, मी काय गिऱ्हाईक आहे?"

"गिऱ्हाईक असतीस तर दारातूनच वाटेला लावली असती."

त्यांनी त्या काडीचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून रानटी गुलाबाच्या खुंटावर बसवला आणि ते रोप तिच्या दारात लावलं. गुलाबाचं कलम म्हणजे तेच असतं. मुळं रानट्याची, वरचं फूल आपल्याला हवं ते. रानटी मरत नाही, कुठेही तगतं, म्हणून त्याच्या जिवावर नाजूक जात जगवायची. धोका एकच. जोडाच्या खालून रानट्याला फूट आली की ती लगेच मोडायची, नाही तर ती वरच्याचं सगळं खाऊन टाकते. हे त्यांनी आयुष्यात हजारो लोकांना बजावलं होतं. नुसती कुंडी घ्यायला आलेल्यांनाही बजावलं होतं. मुलीला तर पाठच होतं, ती दर रविवारी खाली वाकून बघायची. जावयाला मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

दोन बहर झाले आणि मामला दोन जातींवर येऊन थांबला. दोन्ही जुन्या, दोन्ही गडद गुलाबी, दोन्ही बाजारातून कधीच्या गेलेल्या. एक सुकताना जांभळी पडते, दुसरीच्या कडा विटकरी होतात. एवढाच फरक. तिसरा बहर आला तेव्हा मुलगी हॉस्पिटलात होती.

जावई रोज एक फूल आणून तिच्या उशाशी पेल्यात ठेवायचा. सुकलेलं फूल टाकायचं नाही, अशी पट्टीवाल्यांची सक्त ताकीद होती, म्हणून नर्सबाई वैतागायची. पाचव्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, कडा विटकरी झाल्यात."

"जांभळी झाक नाही ना कुठे?"

"नाही. खिडकीशी धरून बघितलं. विटकरीच."

त्यांनी फूल हातात घेतलं. शंकेला जागा नव्हती.

"मग? कोण आहे ही?"

"घरी आलीस की सांगतो."

"आत्ता सांगा."

"रोपासमोर उभं राहून सांगेन. पट्टी तूच बांध."

"म्हणजे लाच देताय मला."

"हो."

ती हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी पट्टी कोरली, कधी नव्हे ती कानस मारून कडा गुळगुळीत केल्या, आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. त्यानंतर तिने आणखी दोनदा विचारलं. शेवटचं विचारलं तेव्हाचा आवाज रांगेतल्या पहिल्या माणसालाही ऐकू गेला नसता. तेव्हाही त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर ती घरी येणार नाही हे त्यांनी कबूल केल्यासारखं झालं असतं. ती म्हणाली, "बरं, राहू दे." अकराव्या दिवशी ती गेली. तेव्हा पट्टी त्यांच्या खिशातच होती.

मग दोन वर्षं ते या घरी आले नाहीत. जावई फोन करायचा, हे गुडघा पुढे करायचे. गुडघा बिचारा धडधाकट होता. त्या रोपासमोर उभं राहायची छाती नव्हती, एवढंच.

आज आले ते जावयाची बदली झाली म्हणून. येताना पिशवीत चाकू, ओलं फडकं आणि कलम बांधायच्या फिती आणल्या होत्या. नाव आता पक्कं होतं. वीस डोळे काढायचे आणि वीस रोपं करायची, असं ठरवून आले होते.

"मी एक फांदी कापली नाही हो," जावई सांगत होता. "लोक म्हणायचे छाटा, फार पसरलंय. पण तिचं आहे म्हटल्यावर कात्री लावायचा धीरच होईना. खालून नवीन फांदी आली की इतकं बरं वाटायचं. एक दिवस पाणी चुकवलं नाही मी."

ते दिसतच होतं. पांढऱ्या फुलांच्या फांद्या पोस्टाच्या सुतळीने, तिच्या टेबलाच्या खणात राहिलेल्या सुतळीने, खिळ्यांना नीट बांधलेल्या होत्या. रोपापाशी एक स्टूल होतं. त्याचे पाय मातीत चांगले रुतले होते.

पट्टीवाले गुडघ्यावर बसले आणि त्यांनी बुंध्याशी हात घातला. सगळ्या सात पानी फांद्या जोडाच्या खालून, रानट्याच्या आल्या होत्या. वर, मधोमध, करंगळीएवढी एक काडी उरली होती, करडी पडलेली. त्यांनी नखाने साल खरवडली. आत तपकिरी. चाकू काढून खाली, आणखी खाली, अगदी जोडाशी टोक टेकवलं. तिथूनही नुसता भुगा निघाला. पहिल्याच महिन्यात ते एकदा आले असते तर अंगठ्याने मोडायची एवढीशी फूट होती. दोन मिनिटांचं काम. पोस्टाची भिंत पडली, मूळ झाड गेलं, आणि दुसरं रोप करायचं नाही हा नियम त्यांचाच. जगातली शेवटची काडी वाळली ती त्यांच्या नियमाने आणि त्यांच्या भित्रेपणाने. त्यांना स्वतःचा इतका संताप आला की चाकू मिटता येईना.

"कीड आहे का?" जावयाने विचारलं.

"नाही."

"कुंडीत नेता येईल ना? तिकडे तिसरा मजला आहे, पण गॅलरीत ऊन येतं म्हणाले."

"येईल. हे कुठेही जगतं."

"आणि बाबा," जावई म्हणाला, "नाव सांगाल? ती मला म्हणाली होती, बाबांकडून नाव तेवढं काढून घे. तुम्हाला त्रास होईल म्हणून मी इतके दिवस विचारलं नाही. तुम्ही ओळखलं होतं ना?"

हे ते नव्हे, असं पट्टीवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं. मग त्यांची नजर स्टुलाच्या रुतलेल्या पायांवर गेली. खोटी पट्टी त्यांनी जन्मात बांधली नव्हती आणि आजही त्यांच्याने ती बांधवली नसती. मग त्यांनी खिशातून पट्टी काढली. दोन वर्षं खिशात वागवून अक्षरं उजळली होती. तार ओवली, पांढऱ्या फुलांच्या फांद्या एका हाताने बाजूला सारल्या आणि पट्टी त्या वाळलेल्या काडीला बांधली. ओढून बघितली. घट्ट बसली होती.

जावयाने वाकून वाचलं. "लाजरी."

"फूल देठाला जड होतं, मान खाली घालते. म्हणून पडलं नाव. म्हणूनच दुकानदारांनी टाकून दिली तिला."

जावई आधी हसला. "लाजरी. तिच्या दारात. ऐकलं असतं तर गल्ली डोक्यावर घेतली असती तिने." मग तो स्टुलावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पट्टीवाल्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला माती होती, ती त्याच्या शर्टाला लागली.

थोड्या वेळाने जावयाने डोळे पुसले. "वाळक्या काडीला कशाला बांधलीत? तुटून जाईल. या जाड फांदीला बांधू का?"

"नको. तिथेच असू दे. तिकडे गेल्यावरही ती काडी कापू नका."

"नाव पक्कं ना, बाबा?"

"पक्कं," पट्टीवाले म्हणाले, आणि कुंडीसाठी माती चाळायला बसले.