हळदीचं बोट लागलेलं वाण

मी एक विनोदी कथासंग्रह बोलतोय. लोकांना हसवण्यासाठीच माझा जन्म, पण वर्षभर माझं पान उघडायलाही कोणी तयार नव्हतं. कपाटात नव्याकोऱ्या साड्यांच्या शेजारी पडून मी माझेच विनोद मला सांगत होतो. त्यात काही मजा नसते हो.

त्याचं असं झालं. गंगापूर रोडवरच्या शुभांगीताईंनी संक्रांतीला प्लास्टिकचे डबे न लुटता पुस्तकं लुटली. मुखपृष्ठावर हळदीचं बोट लावून त्यांनी मला आशाताईंच्या हाती दिलं. आशाताई म्हणजे वाचनकट्ट्याची शान. दर महिन्याला एखाद्या जाडजूड ग्रंथावर बोलायच्या. त्यांच्या लेखी मी म्हणजे चहाबरोबरचं फरसाण. त्यांनी मला कपाटात ठेवलं आणि विसरून गेल्या.

पुढच्या संक्रांतीला आशाताईंकडे हळदीकुंकू होतं. बायका अंदाजापेक्षा जास्त आल्या आणि वाण कमी पडलं. घाईघाईत त्यांनी कपाटातून मला काढलं आणि शेवटी आलेल्या बाईंच्या हातात ठेवलं. त्या बाई नेमक्या शुभांगीताई!

त्यांनी स्वतःचं हळदीचं बोट लगेच ओळखलं. सगळ्याजणी बघत होत्या. "वाचून परत दिलंत होय? कसं वाटलं?" त्यांनी हसतच विचारलं.

"छान आहे की," आशाताई कशाबशा म्हणाल्या.

"मग पुढच्या कट्ट्यावर यावरच बोला," म्हणत शुभांगीताईंनी मला परत त्यांच्याच हाती दिलं.

आता आशाताईंची अब्रू माझ्या पानांत होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या नाक मुरडत मला घेऊन गॅलरीत बसल्या. शेजारी सासूबाई होत्या, बयाबाई. द्राक्षबागेचं काम झेपेना म्हणून दिंडोरी सोडून त्या लेकाकडे आल्या होत्या आणि आल्यापासून गप्पगप्पच असायच्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून आशाताई मोठ्याने वाचू लागल्या.

गोष्ट होती मुलगी पाहायला भलत्याच घरी गेलेल्या पाहुण्यांची. पोह्यांच्या बश्या रिकाम्या होतात, देण्याघेण्याची बोलणी निघतात, तरी कोणाच्या लक्षात येत नाही. आशाताईंचा चेहरा बराच वेळ गंभीर होता, मग ओठ हलायला लागले. बयाबाई तर पदर तोंडाला लावून अशा हसल्या की खुर्ची हलली.

"अगं, ही आमच्याच भाऊबंदांची गत हाय. वाच, थांबू नको."

सासूबाईंचं हसू आशाताई या घरात पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरून आले, पण त्या वाचत राहिल्या. माझा जन्म सार्थकी लागला! मी संपल्यावर दोघींनी वाचनालयातून माझ्या जातीची आणखी पुस्तकं आणली आणि तीही फस्त केली.

कट्ट्याच्या दिवशी आशाताई सासूबाईंना सोबत घेऊन गेल्या. उभं राहून म्हणाल्या, "वाण दिलं तेव्हा मी हे उघडलंही नव्हतं. मोठी पुस्तकं वाचून मला आपण शहाणे झालो असं वाटायचं. ही हलकीफुलकी वाचली आणि आमच्या घरात बोलणं सुरू झालं." मग त्या पोह्यांची गोष्ट सांगू लागल्या, पण हसू काही आवरेना. शेवटी खालीच बसल्या.

तेव्हा बयाबाई उठल्या. "राहू दे, मी सांगते," म्हणाल्या, आणि सगळ्या पाहुण्यांचे आवाज काढून त्यांनी अख्खी गोष्ट सांगितली. माझ्यात आहे त्याहून दोन बश्या पोहे जास्तच वाढले. शुभांगीताई हसून हसून डोळे पुसत होत्या. टाळ्या थांबेनात. तो दिवस माझा होता!

आता माझा कणा सैल झालाय, पानांवर तेलाची बोटं उमटलीत. मी मिरवतो ती. तुमच्याही कपाटात माझ्यासारखा कोणी पडून असेल, तर त्याला बाहेर काढा. आणि वाचाल ते मोठ्याने वाचा, शेजारी कोणीतरी गप्प बसलेलं असतं.

यंदाच्या हळदीकुंकवातही वाण कमी पडलं. आशाताई गडबडीने मला शोधायला आल्या, तर मी बयाबाईंच्या मांडीवर होतो. त्यांनी माझ्यावर दोन्ही हात ठेवले.

"दुसरं काय बी दे," त्या म्हणाल्या, "हा घरातला हाय."